'मी काम केलो' : मराठी अभ्यासमंडळांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मराठी अभ्यासमंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य

सप्रेम नमस्कार.

नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राबवण्यासाठीचा २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय आल्यावर आपण सर्वांनी अभ्यासक्रम नव्यानं बांधले. मेजर-मायनर म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय ठरले, ओपन इलेक्टिव्ह आले, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फिल्ड प्रोजेक्टसाठी चार श्रेयांक (क्रेडिट) आले. हे काम किती घाईत आणि किती कमी माणसांनी केलं याची मला कल्पना आहे. तरीही भाषाविज्ञानाची अभ्यासपत्रिका उघडली की आत बहुतेक ठिकाणी जुनंच सापडतं: भाषेची लक्षणं, स्वन (उच्चारलेला ध्वनी) आणि स्वनिम (अर्थात भेद करणारा ध्वनी), रूपिका (शब्दातला लहानात लहान अर्थपूर्ण घटक), अर्थपरिवर्तनाची कारणं, भाषाकुलांची यादी. परीक्षेत प्रश्न येतो, 'स्वनिम म्हणजे काय ते सांगून त्याची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा.' विद्यार्थी गाइडमधलं उदाहरण उतरवून येतो. त्या सबंध सेमिस्टरमध्ये एका जिवंत माणसाचं बोलणं त्यानं कान देऊन ऐकलेलं नसतं.

माझी मागणी आहे ती ही. भाषाविज्ञानाची पत्रिका इतर विद्याशाखांच्या शिक्षकांबरोबर मिळून शिकवली जावी आणि तिची सुरुवात विद्यार्थ्याच्या आसपासच्या बोलण्यापासून व्हावी. 'समाजभाषाविज्ञान', 'मनोभाषाविज्ञान', 'संगणकीय भाषाविज्ञान' अशी नावं एका घटकात ओळीनं लिहून त्यांच्या व्याख्या पाठ करायला लावणं म्हणजे आंतरविद्याशाखीय अभ्यास नव्हे. असं का म्हणते, ते एका वाक्यावरून सांगते.

मी कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या एका तालुक्यात मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कानडी आहे, काहींच्या घरी दखनी उर्दू, उरलेल्यांच्या घरी मराठी. 'मी काम केलो', 'मी पत्र लिहिलो', 'मी पिक्चर बघितलो' हे इथलं रोजचं बोलणं. शाळेत या 'केलो'भोवती लाल गोल पडतो. पुढे पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलाला याच एका शब्दावरून हसतात आणि मग तो चारचौघांत बोलायचंच टाळतो.

व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर फरक प्रयोगाचा आहे. प्रमाण मराठीत 'मी काम केलं', 'मी पोळी खाल्ली', 'मी आंबे खाल्ले' इथं क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं, म्हणजे कर्मणी. इथला मुलगा 'मी काम केलो' म्हणतो तेव्हा क्रियापद कर्त्यामागे जातं, म्हणजे कर्तरी. एवढं आपल्या पत्रिकेत बसतं. हे असं का होतं, हा पुढचा प्रश्न मात्र आपल्या पत्रिकेत मावत नाही आणि एकट्या मराठी विभागाला त्याचं उत्तर देता येणार नाही.

आधी पुराभिलेखविद्येकडे, म्हणजे जुने कोरीव लेख वाचण्याच्या शास्त्राकडे जाऊ. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायथ्याशी कोरलेलं 'श्री चावुण्डराजें करवियलें' हे आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं, मराठीचा जुना शिलालेख म्हणून. तो नेमका केव्हा कोरला गेला आणि रायगड जिल्ह्यातल्या आक्षीचा शिलालेख त्याच्या आधीचा की नंतरचा, या वादावर आपण तासचे तास घालवतो. पण तिथं हीच गोष्ट तीन भाषांत कोरलेली आहे, याकडे किती वर्गांत लक्ष वेधलं जातं? कानडीत 'श्री चामुंडराजं माडिसिदं'. तमिळमध्ये 'श्री चामुंडराजन् चेय्वित्तान्'. दोन्हींत क्रियापद राजाच्या मागून चालतं, पुल्लिंगी एकवचनी, 'त्यानं करवून घेतलं' या अर्थाचं. मराठीत राजा 'राजें' असा तृतीयेत गेला आहे आणि 'करवियलें' हे नपुंसकलिंगी राहिलं आहे. राजाच्या लिंगाशी त्याला काही देणंघेणं नाही. कर्तरी आणि कर्मणी-भावे यांच्यातला जो फरक आपण फळ्यावर रकाने पाडून शिकवतो, तो तिथं दगडावर शेजारीशेजारी उभा आहे. लिपी वाचणारा, कानडी-तमिळ जाणणारा आणि मराठी व्याकरण शिकवणारा अशी तीन माणसं एका वर्गात आली तर हा तास विद्यार्थी जन्मभर विसरणार नाही.

आता हस्तलिखितांकडे या. जुन्या मराठीत 'म्यां केलें' होतं. 'म्यां' या रूपावर तृतीयेची खूण होती आणि ती ऐकणाऱ्याला सांगायची की हा कर्ता क्रियापदाला ओढणारा नव्हे. पुढे 'म्यां' मागे पडलं आणि 'मी जातो' मधलं 'मी'च 'मी केलं' मध्येही आलं. खूण पुसली गेली. मग एखाद्या बोलीनं 'मी गेलो' च्या चालीवर 'मी काम केलो' केलं तर त्यात नवल काय? प्रमाण मराठीही या बाबतीत सोवळी नाही. 'मी चहा प्यालो', 'मी धडा शिकलो', 'मी नाव विसरलो' ही सगळी सकर्मक क्रियापदं आहेत आणि ती कर्त्यामागेच जातात. 'तू कविता म्हटलीस' मध्ये 'म्हटली' कवितेशी जुळतं आणि शेवटचा 'स' तुझ्याशी. आपण त्याला संकर प्रयोग म्हणतो आणि स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करून घेतो. म्हणजे कर्त्याकडे झुकण्याची ओढ पुणेरी मराठीतही आहे, सीमेवरच्या पोराच्या तोंडी ती एक पाऊल पुढे गेली एवढंच. हे पाऊल कानडीच्या शेजारामुळे पडलं, की भाषेच्या आतल्या ओढीनं, की दोन्हींनी मिळून, हे ठरवायला गावोगावचं बोलणं, जुने लेख आणि माणसांचे आपापसांतले व्यवहार असं तिन्ही एकत्र ठेवावं लागेल.

माणसांच्या व्यवहारांचं महत्त्व कळायला सांगली जिल्ह्यातलं कुपवाड पुरेसं आहे. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत या गावाचं नाव घेतलं जातं. ते आपल्याच वर्गांत क्वचित ऐकू येतं, याची मला खंत वाटते. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली त्या गावच्या बोलण्यावर निबंध प्रसिद्ध केला. गंपर्झ मुळात रसायनशास्त्राचे पदवीधर, पुढे भाषा आणि मानवशास्त्र यांच्या सांध्यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. गावात जैन आणि लिंगायत घरांत कानडी होती, मुसलमान घरांत उर्दू, दलित आणि भूमिहीन मजुरांच्या घरी मराठी, दोरखंड वळणाऱ्यांच्या घरी तेलुगू. उंबऱ्याच्या आत प्रत्येकानं आपली भाषा जपली होती. उंबऱ्याबाहेर वेगवेगळ्या समाजांची माणसं एकमेकांशी बोलत ती बहुतेक मराठीत, कारण गावातल्या वजनदार गटांपैकी कुणाच्याच घरची ती भाषा नव्हती. पिढ्यानपिढ्या असं चालल्यावर काय झालं? शब्द वेगळे राहिले आणि वाक्याची घडण एक झाली. मराठी बोलणारा म्हणे, 'पाला जरा कापून घेऊन आलो.' उर्दू बोलणारा म्हणे, 'पाला जरा काट के ले के आया.' कानडी वाक्यही शब्दाला शब्द ठेवून याच क्रमानं चाले, मधल्या 'जरा'सकट. आणि तिथल्या मराठीत नदीला पूर आला तर 'तिथं नदी आलं' म्हणत. कानडीत लिंग अर्थावर ठरतं, निर्जीव ते नपुंसक; कुपवाडच्या मराठीनं तेच वळण घेतलं.

'नदी आलं' ही शाळेच्या दृष्टीनं ढोबळ चूक आहे. पण ती समजून घ्यायची तर जमीन कुणाकडे होती, मजुरीला कोण जायचं, कोण कुणाच्या ओसरीवर बसू शकत होतं हे माहीत असावं लागतं. हा मानवशास्त्राचा आणि समाजशास्त्राचा प्रांत आहे. पुढे डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावात पुन्हा काम केलं आणि भाषावार प्रांतरचनेनंतर, मराठी शाळा आणि मराठी कारभार आल्यावर तिथलं चित्र कसं पालटलं ते तपासलं. म्हणजे त्यात राज्यशास्त्रही आलं. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मिळून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे आणि ते खुलं आहे. आपल्या किती विद्यापीठांत ते सर्वेक्षण समोर ठेवून एक तरी प्रश्न विचारला जातो, हे आपण आपल्या मागच्या प्रश्नपत्रिका काढून पाहावं अशी माझी विनंती आहे.

आता 'मी काम केलो' हे वाक्य घेऊन दवाखान्यात चला. मेंदूच्या डाव्या भागातल्या इजेनं बोलणं जातं, हे पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकानं १८६१ साली पॅरिसमध्ये एका रुग्णावरून दाखवलं तेव्हापासून वैद्यक आणि भाषाविज्ञान एकमेकांना सोडून चाललेलं नाही. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर कित्येकांना शब्द आठवतात पण वाक्य जुळत नाही, प्रत्यय गळतात, क्रियापदाची रूपं चुकतात. इंग्रजीत क्रियापदाला फारसे प्रत्ययच नाहीत. मराठीत त्याच क्रियापदावर लिंग, वचन, पुरुष सगळा भार असतो, म्हणून मराठी रुग्णाचं वाक्य कुठं मोडतं ते इंग्रजीसाठी केलेल्या चाचणीचं भाषांतर करून कळत नाही. आता समजा, अक्कलकोटकडचा एक शेतकरी वाचा-उपचारतज्ज्ञासमोर बसला आहे आणि म्हणतो आहे, 'मी काम केलो.' हे आजाराचं लक्षण की गावचं बोलणं? तज्ज्ञाला बोली माहीत नसेल तर तो रुग्णाच्या नावावर नसलेला दोष लिहील. ही माहिती त्याला कुणी द्यायची? आपणच. पण त्यासाठी आपल्या विद्यार्थ्यानं वाक्-श्रवण विभागात पाऊल ठेवायला हवं आणि तिथल्या विद्यार्थ्यानं आपल्या वर्गात. मुंबईच्या अली यावर जंग संस्थेत वाक्-श्रवण तज्ज्ञ घडतात. त्याच शहरात मराठी विभागही आहेत.

लहान मुलांच्या बाबतीत तर हे आणखी तातडीचं आहे. वाचन-अक्षमता ओळखण्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' ही चाचणी तयार केली आणि तिच्या पहिल्या भाषांमध्ये मराठी होती. ही चांगलीच गोष्ट झाली. पण देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरं यांतलं मुलाला नेमकं काय जड जातं, र चे वेगवेगळे अवतार कुठल्या इयत्तेत पक्के होतात, घरी कोरकू किंवा गोंडी बोलणारं मूल मराठी वाचताना कुठं अडतं, अशी कामं मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि मराठी या तिघांनी मिळूनच करायची आहेत. आज शिक्षणशास्त्राचे प्रबंध एका कपाटात आहेत आणि मराठीचे दुसऱ्या.

संगणकाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याविषयी बोलणारे बरेच आहेत. आयआयटी मुंबईत मराठी वर्डनेट, म्हणजे शब्दांना अर्थानं एकमेकांशी जोडणारा संगणकीय कोश, उभं राहिलं ते अभियंते आणि भाषा जाणणारी माणसं शेजारीशेजारी बसली म्हणून. आज सरकारची 'भाषिणी' ही भाषांतराची यंत्रणा आहे, बोललेलं लिहून घेणारी यंत्रणा मोबाइलमध्ये आली आहे. पण यंत्र शिकतं ते त्याला जे दिलं त्यातून. मुख्यतः छापील आणि प्रमाण मराठीच दिली तर 'केलो' म्हणणाऱ्याचं बोलणं ते एक तर चुकीचं उतरवेल, नाही तर गुपचूप 'केलं' करून टाकेल. पहिल्यात माणसाचं काम अडेल, दुसऱ्यात बोलीचा पुरावा पुसला जाईल. हे होऊ नये म्हणून बोलींचं नीट नोंदलेलं ध्वनिमुद्रण लागतं, आणि ते गोळा करू शकतील असे हजारो तरुण दर वर्षी आपल्या वर्गांत बसतात.

महाराष्ट्राइतकी या अभ्यासाला अनुकूल जमीन फार थोड्या ठिकाणी असेल. आर्य कुळातली मराठी आणि तिच्या बोली, द्राविडी कुळातल्या गोंडी आणि कोलामी, मेळघाटात ऑस्ट्रो-आशियाई कुळातली कोरकू, हे सगळं एका राज्यात आहे. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या आसपास काही हजार लोकांची निहाली आहे, जिचं नातं आजवर कुठल्याच भाषाकुलाशी पक्कं जुळलेलं नाही. तिच्यात कोरकू, मराठी आणि द्राविडी शब्दांचा भरणा आहे, तरी बऱ्याच मूळ शब्दांचा पत्ता लागत नाही. तिथं वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी झाडांची नावं नोंदवेल, आनुवंशिकीचा अभ्यासक लोकांच्या स्थलांतराबद्दल सांगेल, पुरातत्त्वज्ञ जुन्या वस्त्यांबद्दल. भाषेचा माणूस त्यांच्यात नसेल तर त्या सगळ्या माहितीला जोडणारा धागा राहणार नाही. आणि ही भाषा बोलणारे आपल्या अभ्यासक्रमाच्या पुढच्या पुनर्रचनेची वाट पाहत थांबणार नाहीत.

मी काही परकं मागत नाही. वि. का. राजवाडे इतिहासाचार्य होते, आणि ज्ञानेश्वरीच्या भाषेचं व्याकरणही त्यांनीच लिहिलं. विश्वनाथ खैरे अभियंते होते, मराठी आणि तमिळ यांचं नातं त्यांनी आयुष्यभर शोधलं. त्यांच्या काही व्युत्पत्ती मला पटत नाहीत, पण प्रश्न त्यांनी योग्य विचारला होता. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं तेव्हा सु. मं. कत्रे भाषाविज्ञानात, ह. धी. सांकलिया पुरातत्त्वात आणि इरावती कर्वे समाज-मानवशास्त्रात, असे तिघं एकाच आवारात काम करत होते. कर्वे यांनी नातेसंबंधांचा अभ्यास केला तो भाषिक प्रदेशांच्या चौकटीत, नात्यांची नावं गोळा करत. पन्नासच्या दशकात तिथं भरलेल्या भाषाविज्ञानाच्या शिबिरांतून देशभरचे अभ्यासक घडले. पुढे भाषा-अभ्यासक अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे खंड काढले, कुडाळीपासून कासरगोडच्या मराठीपर्यंत. हा आपल्याच घरचा वारसा आहे.

मग अडतं कुठं? मला दिसतं ते स्पष्ट लिहिते. पहिली अडचण कार्यभाराची. पत्रिकेतला एखादा घटक दुसऱ्या विभागाला दिला तर आपले तास कमी होतील, आणि तास कमी झाले की पद जाईल, ही भीती खोटी नाही. वर्षानुवर्षं भरती न झालेल्या विभागात ती असणारच. म्हणून दोन शिक्षकांनी एकत्र घेतलेला तास दोघांच्याही कार्यभारात पूर्ण धरावा, असा ठराव आपण विद्या परिषदेपुढे नेला पाहिजे. तो आपल्याशिवाय कुणी नेणार नाही. दुसरी अडचण मार्गदर्शकाची. बोली आणि वाचादोष या विषयावर पीएच.डी. करू पाहणारी माझी एक विद्यार्थिनी एका विद्यापीठात दोन विभागांमध्ये फेऱ्या मारून थकली. मराठी विभाग म्हणाला विषय वैद्यकाचा, तिकडून उत्तर आलं विषय मराठीचा. तिनं शेवटी कादंबरीवर नोंदणी केली. कादंबरी वाईट विषय नव्हे, पण तिनं मनात धरलेलं काम कुणीच केलेलं नाही. सहमार्गदर्शक दुसऱ्या विद्याशाखेचा चालेल, एवढं कागदावर स्पष्ट झालं असतं तर ते काम आज सुरू असतं. तिसरी अडचण जाहिरातींची. पदभरतीत 'संबंधित विषय' म्हणजे काय हे ठरवताना भाषाविज्ञानात एम.ए. केलेल्या उमेदवाराला मराठी विभागाचं दार बंद राहू नये आणि मराठीच्या उमेदवाराला भाषाविज्ञानाचं.

साहित्याच्या पत्रिका कमी होतील, अशी चिंता काही ज्येष्ठांनी माझ्याजवळ बोलून दाखवली आहे. मीही साहित्य शिकवते आणि ते कमी व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. पण भाषाविज्ञानाला जे श्रेयांक आज आहेत तेवढ्यातच हे बसतं. फिल्ड प्रोजेक्टचे चार श्रेयांक तर हातात आहेतच. ते प्रश्नावल्या वाटून आणि छायाचित्रं चिकटवून संपवण्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या गावातल्या एका वयस्क माणसाचं अर्धा तास बोलणं, त्याची लेखी परवानगी घेऊन, ध्वनिमुद्रित करावं. गाव, वय, घरची भाषा, शिक्षण, व्यवसाय यांची नोंद करावी. जसं ऐकलं तसं देवनागरीत उतरवावं, सुधारून नव्हे. त्यातल्या एका रूपाबद्दल, एका उच्चाराबद्दल किंवा एका वाक्यरचनेबद्दल इतिहास, समाजशास्त्र, संख्याशास्त्र अशा कुठल्याही एका विभागातल्या शिक्षकाच्या मदतीनं टिपण लिहावं. मूल्यमापन दोघांनी करावं. ही ध्वनिमुद्रणं विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका जागी ठेवावीत आणि विद्यापीठांनी ती एकमेकांना उघडी करावीत. रिद्धपूरच्या नव्या मराठी भाषा विद्यापीठानं या सामाईक संग्रहाचं यजमानपद घ्यावं, असं मी त्यांनाही या पत्रातून विनवते. प्रश्नपत्रिकेत व्याख्येऐवजी यातलाच एखादा अपरिचित उतारा द्यावा आणि त्यात काय दिसतं ते विद्यार्थ्याला शोधू द्यावं.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी जो पुरावा उभा केला गेला त्यात शिलालेख होते, नाणेघाट होतं, हालाची गाथा होती. म्हणजे दर्जा मिळवताना आपण पुरातत्त्व, इतिहास आणि भाषाविज्ञान एकत्र आणलंच. मग शिकवताना ते वेगळे का ठेवायचे? या दर्जाच्या नावानं येणाऱ्या निधीतून सोहळे होतील, होऊ द्यावेत. त्यातला काही वाटा ध्वनिमुद्रण यंत्रं, शिक्षकांची उन्हाळी शिबिरं आणि गावोगाव जाणाऱ्या विद्यार्थ्यांचं प्रवासभाडं यांसाठी राखून ठेवावा.

मंडळाची पुढची बैठक होईल तेव्हा फिल्ड प्रोजेक्टचा आराखडा आणि सहमार्गदर्शकाचा नियम, हे दोन विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावेत. माझ्या विद्यार्थ्यांनी केलेली ध्वनिमुद्रणं, बोलणाऱ्यांची परवानगीपत्रं आणि आम्ही वापरतो तो नोंदीचा नमुना कुठल्याही मंडळाला हवा असेल तर मी पाठवेन. बैठकीला बोलावलंत तर स्वखर्चानं येईन.

आपली नम्र,
सीमाभागातल्या एका महाविद्यालयातली मराठीची प्राध्यापिका